समोरच्या माणसाची स्क्रीन

आधार नोंदणीच्या केंद्रावर काय काय सामान असलंच पाहिजे, याची एक यादी भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणानं योजनेच्या सुरुवातीच्या काळातच ठरवून दिली होती. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, चार बोटांचे ठसे एकदम घेणारं यंत्र, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा टिपणारं यंत्र, कॅमेरा, पाठीमागे लावायचा न चमकणारा पांढरा पडदा, पावती छापायला लेझर प्रिंटर, माहिती पाठवायला पेन ड्राइव्ह. एवढं कुणालाही सुचेल. पण याच यादीत एक जादा मॉनिटरही होता. पंधरा-सोळा इंची, १०२४ बाय ७६८ पेक्षा जास्त रेझोल्युशनचा. तो ऑपरेटरच्या सोयीसाठी नव्हता. नोंदणीला आलेल्या माणसाकडे तोंड करून तो ठेवायचा होता, म्हणजे आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख कशी टाइप होते आहे हे त्याला तिथल्या तिथे बघता येईल.

या नोंदणीचा पहिला जाहीर कार्यक्रम नंदुरबार जिल्ह्यात झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते गावातल्या दहा जणांना बारा आकडी क्रमांक देण्यात आले. त्यात पहिलं नाव रंजना सोनवणे यांचं. देशातला पहिला आधार क्रमांक त्यांचा. त्या दिवसाबद्दल आणि आधारच्या बऱ्यावाईटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि अजून लिहिलं जाईल. या प्रकरणात मला त्या टेबलावरच्या एकाच वस्तूबद्दल बोलायचं आहे: लॅपटॉपला जोडलेल्या दुसऱ्या स्क्रीनबद्दल. ती का हवी, ती जोडायची कशी, आणि लॅपटॉपला पोर्ट कमी असतील तेव्हा दोन-तीन स्क्रीन चालवताना आत नेमकं काय घडतं.

आधी ‘का’ बघू. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, महाराष्ट्रातली सर्वांत कमी. घरात बोलली जाते ती भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी किंवा गुजर. फॉर्म मात्र इंग्रजीत आणि मराठीत. ऑपरेटर इंग्रजीत नाव टाइप करतो आणि सॉफ्टवेअर शेजारच्या चौकटीत त्याचं देवनागरी रूप आपोआप तयार करतं. इथेच घोटाळा होऊ शकतो. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. त्यामुळे वळवी या आडनावाचं ‘वलवी’ किंवा ‘वाल्वी’ होऊ शकतं. तळोद्याचं ‘तालोडा’, धडगावचं ‘ढडगाव’. वसावे, पाडवी, गावित, तडवी, पावरा ही जिल्ह्यात घरोघरी असलेली आडनावं बाहेरगावच्या ऑपरेटरच्या कानाला नवी असतात, आणि तो ऐकेल तसं लिहितो. पुढे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि आधारवर तिसरं असं झालं की त्या माणसाला दुरुस्तीसाठी डोंगर उतरून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. ऑपरेटरच्या दृष्टीनं ते एक अक्षर असतं. मोलगीहून किंवा तोरणमाळहून येणाऱ्याच्या दृष्टीनं तो बुडालेला रोज असतो.

म्हणून स्क्रीन समोरच्याकडे वळवणं ही मला त्या यादीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. चूक पकडायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे ज्याचं नाव आहे तो. ज्याला वाचता येत नाही त्याला ऑपरेटरनं वाचून दाखवायचं. महाराष्ट्राला ही पद्धत जुनीच ओळखीची आहे. संगणकीकृत सातबारा बिनचूक करण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घेतलं गेलं, तेव्हाही तत्त्व हेच होतं: नोंद ज्याची, त्याच्यासमोर ती उघड व्हावी.

आता टेबलाकडे येऊ. प्राधिकरणाच्या अटींत आणखी एक ओळ होती: संगणकाला किमान पाच यूएसबी पोर्ट हवेत. २०१० च्या सुमाराला साध्या लॅपटॉपला तीन, फार तर चार पोर्ट असत. पाच कशाला हवेत ते मोजून बघा. ठसे घेणारं यंत्र एक, बुबुळांचं दोन, कॅमेरा तीन, प्रिंटर चार, आणि पाचव्यात कधी पेन ड्राइव्ह तर कधी इंटरनेटचं डोंगल. माउसला जागाच उरली नाही. मग यूएसबी हब लावायचा हे ओघानं आलं. पण ‘एकाच्या चार पिना’ करणारा स्वस्त हब पोर्ट वाढवतो, वीज वाढवत नाही. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घ्यावेत असा नियम आहे. स्वतःचा चार्जर नसलेल्या चार तोंडी हबला त्यातच स्वतःचंही भागवायचं असतं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक तोंडाला १०० मिलिअँपिअरच धरलेले असतात. तेवढ्यात माउस चालतो. काचेखाली दिवे पेटवून चार बोटांची प्रतिमा घेणारं यंत्र चालत नाही, किंवा चालता चालता मध्येच ‘डिव्हाइस सापडत नाही’ म्हणतं. शिवाय यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, आणि हबमागची सगळी यंत्रं तो वाटून घेतात. म्हणून ठशांचं आणि बुबुळांचं यंत्र थेट लॅपटॉपला लावावं, आणि माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह ही मंडळी हबवर ढकलावीत. वेगळ्या चार्जरवर चालणारा हब मिळाला तर उत्तमच. हा नियम आजही तसाच लागू आहे.

या गर्दीत दुसऱ्या मॉनिटरनं मात्र एकही यूएसबी पोर्ट अडवला नाही. त्याची वाट वेगळी होती. तेव्हाच्या बहुतेक लॅपटॉपच्या कडेला तीन ओळींत पंधरा छिद्रं असलेला व्हीजीए पोर्ट असे. आयबीएमनं १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आणलेली ही जोडणी तेवीस वर्षांनी टेंभलीच्या काळातही सर्वत्र होती, आणि आजही कितीतरी सरकारी कार्यालयांतल्या मॉनिटरला तीच आहे. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून घट्ट बसवायची निळी पिन, ओढली तरी निघत नाही. शिबिरात माणसांच्या पायात वायर येते तिथे याचं मोल कळतं.

मग त्या लॅपटॉपला तिसरी स्क्रीन जोडता आली असती का? बहुधा नाही, आणि त्याचं कारण पोर्टच्या संख्येत नव्हतं. स्क्रीनवरचं चित्र तयार करण्याचं काम लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप करते, आणि एका वेळी किती वेगवेगळी चित्रं बाहेर पाठवायची याला तिच्या रचनेतच मर्यादा असते. इंटेलच्या प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप त्या काळात दोनच चित्रं पाठवू शके: एक लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनला, एक बाहेर. कडेला व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन्ही पोर्ट असले तरी दोन्हींत मॉनिटर लावल्यावर लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बंद करावी लागे. २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून ही संख्या तीन झाली, २०२० मध्ये आलेल्या अकराव्या पिढीपासून चार. ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर, तोही २०२० चाच, बाहेर एकच मॉनिटर घेतो. एम३ च्या एअरला दोन चालतात पण झाकण मिटून. एम४ ला झाकण उघडं ठेवून दोन. म्हणून लॅपटॉपला किती मॉनिटर लागतील हे कडेची भोकं मोजून ठरत नाही. आधी प्रोसेसर कोणता ते बघायचं आणि त्याला एकूण किती स्क्रीन झेपतात ते कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायचं. दुकानात बसून हे पाच मिनिटांत होतं, आणि नंतरचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आज नवापूर किंवा अक्कलकुव्याच्या आपले सरकार सेवा केंद्रात नवा लॅपटॉप आला तर त्याच्या कडेला साधारण काय असेल? एक एचडीएमआय, एक यूएसबी-सी, दोन नेहमीचे चपटे यूएसबी. व्हीजीए गेलेला. ऑपरेटरला खरी गरज तीन स्क्रीनची असते. एका स्क्रीनवर भरायचा फॉर्म, दुसऱ्यावर स्कॅन केलेला दाखला किंवा सातबारा, ज्यातून बघून माहिती भरायची, आणि तिसरी समोरच्या माणसाकडे तोंड करून. एकाच पंधरा इंची स्क्रीनवर खिडक्या पुढेमागे करत काम करणारा माणूस दाखल्यावरची तारीख लक्षात ठेवून फॉर्ममध्ये टाइप करतो, आणि ३ चा ८ नेमका तिथेच होतो.

पहिला मॉनिटर सोपा: एचडीएमआयच्या केबलनं थेट. कार्यालयात जुना व्हीजीए मॉनिटर पडून असेल तर तो टाकू नका. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. मात्र ती नुसती दोन टोकांची वायर असून चालत नाही. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात येतं आणि व्हीजीएला ते कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात लागतं. हा बदल करणारी छोटी चिप कन्व्हर्टरमध्ये असावी लागते. याची दिशाही ठरलेली असते. ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ असं लिहिलेली वस्तू उलटी लावून काम होत नाही.

दुसरा मॉनिटर मागितला की काही दुकानांत एचडीएमआय स्प्लिटर हातात ठेवतात. तो घेऊ नका. स्प्लिटर आलेलं एकच चित्र दोन ठिकाणी वाटतो, नवं चित्र तयार करत नाही. लग्नाच्या मांडवात दोन टीव्हींवर एकच दृश्य दाखवायला तो ठीक. फॉर्म इकडे आणि दाखला तिकडे असं त्यातून होणार नाही.

म्हणजे भिस्त यूएसबी-सीवर. आणि इथे जरा सावकाश जायला हवं, कारण २०१४ साली आलेल्या या पोर्टनं जेवढी सोय केली तेवढाच गोंधळही केला आहे. बाहेरून सगळे यूएसबी-सी सारखेच: लहान, लंबगोल, कसेही उलटेसुलटे लावा. आत मात्र निरनिराळ्या जाती. काहींतून फक्त माहिती आणि थोडी वीज जाते. पेन ड्राइव्ह चालेल, मॉनिटर नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये हा प्रकार सर्रास असतो. काहींत याच पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल बाहेर काढायची सोय असते. आणि महागड्या लॅपटॉपमध्ये थंडरबोल्ट असतो, ज्याचा तिसऱ्या आवृत्तीतला वेग सेकंदाला ४० गिगाबिट आहे आणि जो दोन फोर-के मॉनिटर सहज चालवतो. ओळखायचं कसं? पोर्टशेजारची खूण बघा. विजेच्या लोळासारखा बाण असेल तर थंडरबोल्ट. इंग्रजी डी अक्षरात पी गुंफल्यासारखी खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे. नुसता यूएसबीचा त्रिशूळ असेल किंवा काहीच नसेल तर माहितीपत्रक उघडून त्या पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द आहे का ते वाचा. नसेल तर यूएसबी-सी ते एचडीएमआयची कुठलीही वायर आणलीत तरी स्क्रीन काळीच राहील, आणि दोष वायरचा नसेल.

पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट आहे असं धरू. आता त्यातून किती मॉनिटर चालतील, हे साध्या गणितानं काढता येतं, आणि हे गणित एकदा समजलं की डॉकच्या खोक्यावरची जाहिरात वाचून फसायला होत नाही. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट. सेकंदाला साठ वेळा, म्हणजे साठ हर्ट्झनं, चित्र नव्यानं पाठवायचं. गुणाकार करा: सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. दोन चित्रांच्या मधली मोकळी जागा धरून हा आकडा साडेतीनच्या आसपास जातो. फोर-के स्क्रीनला ठिपके चौपट, म्हणून माहितीही चौपट, बारा गिगाबिटच्या वर.

यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये वेगानं माहिती नेणाऱ्या तारांच्या चार जोड्या असतात. फक्त मॉनिटर जोडला तर चारही चित्रासाठी वापरता येतात. पण डॉक लावला, ज्यात एचडीएमआयबरोबर वेगवान यूएसबी, मेमरी कार्ड, इंटरनेटची केबल असं सगळं असतं, तर बऱ्याचदा दोन जोड्या यूएसबीला जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ या आवृत्तीत अशा दोन जोड्यांतून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जाऊ शकतं. आता मांडणी करा. साठ हर्ट्झचे दोन फुल एचडी मॉनिटर: साडेतीन आणि साडेतीन, सात. बसतात. साठ हर्ट्झचा एक फोर-के: बाराच्या वर. बसत नाही. म्हणून अनेक स्वस्त डॉकच्या खोक्यावर फोर-केच्या पुढे बारीक अक्षरांत ३० हर्ट्झ लिहिलेलं असतं. चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवलं की माहिती निम्मी होते आणि मावते. पण तीस हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो आणि दिवसभर त्यावर काम करणाऱ्याचे डोळे दुखतात. फॉर्म भरायच्या कामाला दोन साधे फुल एचडी मॉनिटर एका फोर-केपेक्षा बरे, असं मी ठामपणे म्हणेन. स्वस्तही पडतात.

एका वाटेनं दोन वेगळी चित्रं पाठवण्याची युक्ती डिस्प्लेपोर्टमध्ये १.२ पासून आहे. लॅपटॉप दोन्ही चित्रांची माहिती एकापाठोपाठ एक गुंफून पाठवतो आणि डॉकमधली चिप ती सोडवून ज्याची त्याला देते. याला एमएसटी म्हणतात. दोन एचडीएमआय तोंडं असलेले बहुतेक साधे डॉक याच युक्तीवर चालतात. विंडोजमध्ये ती नीट चालते. मॅकमध्ये मात्र ॲपलनं ती घेतलेली नाही. तोच डॉक मॅकबुकला लावला तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. सुरतेला किंवा पुण्याला नोकरी करणारा कुणी सुट्टीत गावी येताना कंपनीचा मॅकबुक आणतो, इथला डॉक लावतो आणि डॉक बिघडलाय म्हणून परत करतो, तेव्हा कारण बहुधा हे असतं.

आणि यूएसबी-सीमध्ये डिस्प्लेपोर्ट नसेलच तर? तरी एक वाट आहे. डिस्प्लेलिंक नावाचं तंत्र. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका कंपनीनं ते विकसित केलं. २०२० मध्ये ती सिनॅप्टिक्सनं विकत घेतली. यात ग्राफिक्स चिपच्या बाहेर जाणाऱ्या वाटा वापरल्याच जात नाहीत. लॅपटॉपमध्ये एक ड्रायव्हर बसवावा लागतो. तो जादा स्क्रीनचं चित्र तयार करून घेतो, त्यातला जेवढा भाग बदलला तेवढाच उचलतो, दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबीतून फाइल पाठवावी तसा पाठवतो. दुसऱ्या टोकाच्या ॲडॉप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. त्यामुळे नेहमीच्या चपट्या यूएसबीवरही मॉनिटर चालतो, आणि चिपची दोन किंवा तीन स्क्रीनची मर्यादाही ओलांडता येते. मॅकबुक एअर एम१ ला दोन बाहेरचे मॉनिटर हवेत तर व्यवहारात हाच मार्ग उरतो.

याची किंमत मोजावी लागते ती प्रोसेसरला. चित्र दाबण्याचं काम त्याच्यावर पडतं. फॉर्म, तक्ते, स्कॅन केलेले कागद हे बराच वेळ स्थिर असतात, बदलणारा भाग थोडा, म्हणून तिथे हे तंत्र फार छान चालतं. व्हिडिओ लावला की लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो, आणि कॉपीपासून संरक्षण असलेले चित्रपट त्या स्क्रीनवर बऱ्याचदा दिसतही नाहीत. यूएसबी ३.० चा, सेकंदाला ५ गिगाबिटचा पोर्ट त्याला द्यावा. आत निळं प्लास्टिक असतं तो बहुधा हाच. यूएसबी २.० वर चालणारे असे ॲडॉप्टर २०१० मध्येही बाजारात होते. पण फुल एचडीला ३ गिगाबिट लागतात आणि ती वाट अर्ध्या गिगाबिटचीही नव्हती, त्यामुळे चित्र मागे मागे राही. शिवाय आधारच्या टेबलावर त्यानं पाचातला एक पोर्टही खाल्ला असता.

आणखी एक प्रयत्न लोक हमखास करतात. घरात जुना लॅपटॉप असतो, त्याची स्क्रीन चांगली असते, म्हणून नव्याचा एचडीएमआय जुन्याच्या एचडीएमआयला जोडतात. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जवळपास नेहमी बाहेर पाठवणारा असतो, आत घेणारा नाही. दोन्हीकडून बोलणारेच, ऐकणारं कुणी नाही. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन वापरायची तर वायफायवरून. विंडोजमध्ये ‘या पीसीवर प्रक्षेपित करा’ अशा अर्थाची सोय त्यासाठी आहे, दोन्ही यंत्रांच्या वायफायला ती झेपली तर. कामचलाऊ म्हणून ठीक.

जोडणी झाली की मांडणी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबलं की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉपची स्क्रीन, दोन्हीकडे एकच, दोन्ही मिळून एक मोठं टेबल, किंवा फक्त बाहेरची स्क्रीन. आधारच्या केंद्रावर ‘दोन्हीकडे एकच’ हे योग्य होतं, कारण ऑपरेटर लिहितो तेच समोरच्याला दिसायला हवं आणि त्या संगणकावर दुसरं काही चालत नसे. सेवा केंद्रात तसं नसतं. तिथे एकाच लॅपटॉपवर आधीच्या माणसाचा उत्पन्नाचा दाखला उघडा असतो, व्हॉट्सॲपवर तिसऱ्याच कुणाचे कागद आलेले असतात, बँकेचा ओटीपी वर सरकतो. हे सगळं समोर बसलेल्या अनोळखी माणसाला दाखवणं चूक आहे. आणि नुसतं ‘मोठं टेबल’ केलं तर फॉर्म त्याच्या स्क्रीनवर सरकवावा लागतो आणि मग ऑपरेटरलाच दिसत नाही.

तीन स्क्रीन असल्या की यावर नेमका तोडगा निघतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तीन क्रमांकांचे चौकोन दिसतात. त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्यावर एकच चित्र ठेवायचं आणि तिसऱ्यावर टेबल वाढवायचं, असा पर्याय खालच्या यादीत मिळतो. पहिली स्क्रीन लॅपटॉपची, दुसरी समोरच्याची: या दोन्हींवर फक्त त्याचा फॉर्म. तिसरी ऑपरेटरच्या बाजूला: तिथे स्कॅन केलेले कागद, व्हॉट्सॲप, बाकी सगळं. एकच चित्र दाखवणाऱ्या दोन स्क्रीनचं रेझोल्युशन जुळावं लागतं; जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर चित्र थोडं भरड दिसेल. उलट बारीक अक्षरांची अडचण असेल तर त्याच सेटिंगमध्ये आकार १२५ किंवा १५० टक्के करा. समोरचा माणूस टेबलापलीकडून, दोन-अडीच फुटांवरून वाचतो आहे. ‘वळवी’तला ळ आणि ‘वलवी’तला ल एवढ्या अंतरावरून वेगळे दिसायला अक्षर मोठंच हवं. सूचना कुठल्या स्क्रीनवर येतात तेही तपासा. विंडोज त्या मुख्य स्क्रीनवर दाखवतं, म्हणून मुख्य स्क्रीन ऑपरेटरच्या बाजूची ठेवावी. त्या चौकोनावर टिचकी देऊन ‘हीच मुख्य स्क्रीन’ या अर्थाची खूण करता येते.

राहिला विजेचा प्रश्न, जो धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात सगळ्यांच्या आधी येतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण बाहेरचे मॉनिटर विझतात आणि त्यांच्यावरच्या खिडक्या एकदम लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन आदळतात. साधा २२ इंची एलईडी मॉनिटर २० ते २५ वॉट घेतो. दोन मॉनिटर आणि चार्जरवर चालणारा हब मिळून साठ वॉटच्या आतबाहेर. छोट्या यूपीएसवर एवढं चालतं. लेझर प्रिंटर मात्र त्याच यूपीएसवर कधीही लावू नका, छपाईच्या क्षणी तो काही शे वॉट ओढतो आणि सगळंच बंद पडतं.

पाड्यावर शिबिराला जायचं असेल तर मोठे मॉनिटर न्यायचेच नाहीत. पंधरा इंची पोर्टेबल मॉनिटर मिळतात, पाटीएवढे पातळ, एकाच यूएसबी-सी वायरनं चित्रही घेणारे आणि वीजही. साधारण ८ ते १० वॉटमध्ये चालतात. लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-तासांची आणि लॅपटॉपचा स्वतःचा खर्च १२ वॉट धरला तर एकट्याचे चार तास होतात, स्क्रीनसकट सव्वादोन ते अडीच. स्क्रीनचा उजेड निम्मा केला की त्यात आणखी थोडी भर पडते, पण समोरच्याला वाचता येईल एवढा उजेड ठेवूनच. त्यासाठी लॅपटॉपच्या यूएसबी-सीत डिस्प्लेपोर्ट असायलाच हवा, म्हणून शिबिरासाठी लॅपटॉप विकत घेताना रॅम आणि हार्ड डिस्कच्या आधी ती बारीक खूण शोधावी. पोर्ट एकच असेल तर चार्जिंग आणि मॉनिटर एका वेळी होणार नाहीत. वीज पुढे नेणारा हब मध्ये लावावा, आणि चार्जर ६५ वॉटचा असला तरी हब त्यातले दहा-पंधरा वॉट स्वतःकडे ठेवतो हे धरून चालावं.